न मागता नेलेली कण्हेर

मु. खरडवाडी, ता. मुरबाड
रविवार, २० एप्रिल २०२५

चि. भूमिका हीस,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे, म्हणजे डावा गुडघा सोडून बाकीची ठीक आहे. तुझे आईबाबा, चुलतबहिणीच्या हळदीला आलेले पाहुणे आणि गोठ्यातली म्हैस, सगळे खुशाल असतील असं धरून चालते.

पत्र बघून हसशील. फोन असताना ही बाई कागद का खराब करते म्हणशील. पण तुमच्या पाड्यावर रेंज फक्त त्या टेकडीवरच्या आंब्याखाली येते, आणि तिथे तू फोन घेऊन उभी राहिलीस की निम्मा पाडा तुझ्याबरोबर उभा राहतो. मागच्या वेळी मी विचारलं जेवलीस का, तर उत्तर तुझ्या काकूने दिलं. आवाज भरून पाठवायचा तो मेसेज मला जमत नाही. माझंच बोलणं मला परत ऐकू येतं आणि वाटतं, ही कोण खडूस बाई. म्हणून पत्र. महिपतची जीप डोळखांबला जाते, त्याच्याजवळ देते. पुढे दूधवाला आणून देईल.

वर चि. लिहिलं आहे. धोंडीबाई भिंतीपलीकडून येऊन बसली होती. म्हणाली तसं नाय लिवायचं, नवरा गेलेल्या बाईला गं. भा. लिवायचं. मी म्हटलं, कागद माझा, पेन माझं. साईनाथ जाऊन तिसरं वर्ष चालू आहे, तरी हिला अजून तुझ्या नावाच्या पुढे काय लावायचं याचीच काळजी. तिचं पोलकं तू अर्धवट बेतून गेलीस त्याचा राग असेल. लग्नसराई आहे, रोज कोणी ना कोणी दारात येऊन विचारतं, भूमिका कधी येणार. मी सांगते, हळद झाली की येईल. हळद होऊन गेली हे मलाही माहीत आहे.

टँकर आता एक दिवसाआड येतो. आला तरी आपल्या आळीपर्यंत येईस्तोवर तळ दिसायला लागतो. साईनाथने हौसेने आणलेला गुलाब गेला. मोगऱ्याला मी काही दिवस चोरून तांब्याभर पाणी घालत होते, तोही गेला. राहिली ती कण्हेर. तू कुंपणाच्या कडेने लावलेल्या रोपांतलं एकच सुकलं, बाकी सगळी हिरवीगार आहेत आणि दोघींना कळ्याही आल्या आहेत, एक पांढरी, एक लाल. त्यांना मी भांडी विसळलेलं पाणी देते, तेही रोज नाही. बुडात पेंढा पसरून ठेवला आहे. रोज पाणी दिलं तर मुळं वरच्या वर राहतात, हे तूच मला सांगायचीस.

कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा पडला होता. कपड्याच्या साबणाचं पाणी करून फडक्याने पुसून काढला. एक एक शेंडा. धोंडीबाई म्हणाली, एवढं नातवंडाला पुसलं असतंस. मी पुढचा शेंडा धरला. वेड्यावाकड्या वाढलेल्या फांद्या छाटल्या आणि त्या खड्ड्यात पुरल्या, कारण मंगळ्याच्या शेळ्या ओल्या कण्हेरीला तोंड लावत नाहीत पण सुकलेल्या पाल्यातलं विष त्यांना कळत नाही, आणि मग मंगळ्या बोंबलत माझ्या दारात.

हे सगळं करून झालं तरी दिवस उरतो. मी बसते, उठते, रस्त्यापर्यंत जाते, परत येते. काल मशीनवरचं कापड काढलं, झटकलं आणि पुन्हा घातलं.

मशीनवरून आठवलं. शहापूरचा सुरेंद्र मिस्त्री मंगळवारी येऊन गेला. मशीन बंद आहे, म्हणजे बिघडायचा प्रश्न नाही, तरी आला. शहापूरपासून मुरबाडपर्यंत एवढ्या बायका शिवण करतात, पण सगळ्यांत नाजूक मशीन आपलंच निघालं. वर्षभरात त्याचा दोरा अडकला, पट्टा सैल झाला, पायडल कुरकुरलं. मी काही बोलले का? त्याने विचारलं, कधी येणार. मी म्हटलं, माहीत नाही. चहा ठेवत होते, तोवर निघून गेला.

आणि एक. न्हाणीजवळच्या जुन्या गुलाबी कण्हेरीची एक फांदी कोणीतरी नेली आहे. कोणी नेली कोण जाणे, मी काही बघितलं नाही. आपल्याकडे फांदी मागत नाहीत हे तुला ठाऊक आहे. मागितली तर लागत नाही आणि आपण हाताने दिली तर मुळीच लागत नाही. नेणारीने गुपचूप न्यावी, घरच्या बाईने दुसरीकडे बघावं. ती कण्हेर मीही अशीच माझ्या मावसबहिणीच्या दारातून आणली होती आणि ती आत भाजीला फोडणी देत असल्याचं नाटक करत होती. तर जिने नेली तिची लागू दे, एवढंच म्हणते.

तुझे बाबा होळीला आले तेव्हा जे विचारून गेले, त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. तू समजून घे.

उन्हात फिरू नकोस.

तुझी सासू,
प्रमिला


मु. खरडवाडी
मंगळवार, २९ एप्रिल

भूमिका,

आशीर्वाद आहेतच, ते नंतर.

तुझं उत्तर नाही. त्याऐवजी महिपतने आज तुझ्या बाबांचा तोंडी निरोप आणला. भर रस्त्यात, जीपमधून मान बाहेर काढून, सगळ्या उतारूंसमोर त्याने सांगितला: "भूमिका नाय म्हनते. शहापूरवाल्यांना कलवलं. तुमी निर्धास्त ऱ्हा."

निर्धास्त. तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात भुंग्यासारखा फिरतो आहे. कशाबद्दल निर्धास्त? सून हातची गेली नाही म्हणून? तुझ्या बाबांना काय वाटलं, मी इथे देव पाण्यात घालून बसले होते?

मी घरात आले, पाणी प्यायले, मग कोयता घेऊन कुंपणाकडे गेले आणि जी फांदी छाटायची नव्हती ती छाटून बसले. लाल कळ्यांची. आता तेही ऐकून घे.

मी मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते आता लिहिते, कारण न लिहिल्याने काय होतं ते बघितलं.

तू गेलीस त्या दिवशी मी तुला जीपमध्ये बसवून घरी आले आणि भांडी घेऊन न्हाणीकडे गेले. बघते तो जुन्या कण्हेरीला ताजा काप. पांढरा चीक अजून ओला. माझ्या हातातली पातेली तिथेच पडली. धोंडीबाई त्याच आठवड्यात म्हणाली होती, "दारात कन्हेर नि घरात तरनी सून, बरं नाय गो प्रमिले." तेव्हा मी तिला झाडून टाकलं होतं. पण तो काप बघितला आणि तिचं बोलणं कानात उभं राहिलं. तू जाताना पाया पडलीस तेव्हा जरा जास्त वेळ वाकून राहिली होतीस. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होतीस. मी तशीच अनवाणी रस्त्यापर्यंत पळत गेले. जीप गेली होती. फोन लावला, तू रेंजच्या बाहेर. महिपतचाही. गुडघ्याचं हे दुखणं त्या दिवसाचं आहे, वयाचं नाही.

परत आले आणि झाडाखाली बसले. तेव्हा दिसलं. खालची पानं सोलून एका बाजूला ठेवलेली, शेंडा खुडून त्यांच्यावर ठेवलेला. आणि काप तिरका. जीव द्यायला निघालेली बाई लावायला काडी तयार करत नाही. तू ती फांदी लावायला नेली होतीस.

मी त्या पानांशेजारी बसून हसले. बराच वेळ हसले. मग रडले, कारण पुढचं लक्षात आलं. बाई फांदी नेते ती जिथे राहायचं तिथे लावायला. तुझ्या माहेरी नदीकाठी रानभर कण्हेर आहे, तिथे आपल्या दारची नेऊन तू काय करणार? ती शहापूरला जाणार, सुरेंद्रच्या दारात, असं मी धरलं. तू होकार ठरवून गेलीस असं मी धरलं.

आणि मी गप्प बसले. टोकलं असतं तर लागली नसती ना. तुझे बाबा सुरेंद्रच्या स्थळाचं विचारून गेले तेव्हापासून मी हेच करत होते. सुरेंद्र आला की मी मागे पाणी घालायला जायचे, तुम्हाला बोलता यावं म्हणून. तू फोनवर हळू बोलायला लागलीस की मी बाहेर निघून जायचे. तुझ्या चेहऱ्याकडे बघायचं टाळायचे, कारण बघितलं तर विचारावं लागलं असतं, आणि विचारलं तर तुला माझ्यासाठी नाही म्हणावं लागलं असतं. मला वाटायचं, मी किती समजूतदार.

याच्या मागे एक गोष्ट आहे, ती तुला माहीत नाही. साईनाथ वर्षाचा असताना त्याचे वडील गेले. त्यानंतर मला एक विचारणं आलं होतं, शहापूरच्या पलीकडून. दोन माणसं आली, ओट्यावर बसली. माझ्या सासूबाईंनी त्यांना गूळपाणी दिलं आणि सांगितलं, आमची सून आमच्या घरात आहे, तिला काय कमी आहे. माणसं उठून गेली. मी दाराआड साईनाथला घेऊन उभी होते. मला कोणी विचारलं नाही. त्या माणसाचं नावही मला कधी कळलं नाही. लोक म्हणतात प्रमिलाने मुलासाठी आयुष्य काढलं. काढलं, खरं आहे. पण मला विचारलंच नाही, म्हणून मी काय म्हणाले असते ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. सासूबाईंवर माझा राग नाही, त्या त्यांच्या काळाप्रमाणे वागल्या. मी एवढंच ठरवलं होतं की माझ्या तोंडून कुणाला नाही निघणार नाही. आणि ते निघालं नाही.

मग तू का नाही म्हणालीस? माणूस वाईट निघाला का? तसं असेल तर सांग, मी त्याला इथून पळवून लावते, मशीन गेलं खड्ड्यात. त्याची आई काही बोलली का? की तुला माझी दया आली? दया आली असेल तर आधीच सांगते, मला ती नको आहे. मला दयेने वाढलेली भाकरी गिळवत नाही.

खरं काय ते लिही. निरोप नको. लिहून धाड.

प्रमिला


डोळखांब
शनिवार, ३ मे २०२५

ती. आईंस,

भूमिकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्याला उत्तर दिलं नाही, कारण त्यात मला येऊ नकोस असं लिहिल्यासारखं वाटलं. "तू समजून घे" म्हणालात. मी समजून घेतलं, पण उलटं.

आई, तुम्ही म्हणता दुसरीकडे बघितलं. मला वाटलं तोंड फिरवलं.

होळीला बाबांनी तुम्हाला विचारलं तेव्हा मी आत भाकऱ्या थापत होते. तुम्ही बघू म्हणालात आणि उठून कण्हेरीला पाणी घालायला गेलात. त्या दिवशी टँकर आला नव्हता. पाणीच नव्हतं आई, तुम्ही रिकामी बादली घेऊन मागे उभ्या होतात. मी खिडकीतून बघितलं. मला वाटलं, एवढा राग की तोंडही दाखवायचं नाही. नंतर जेवताना तुम्ही ताटात बघून जेवायचात. आधी आपण किती बोलायचो. सुरेंद्र आले की तुम्ही उठून जायचात, ते एकदा मला म्हणाले, आईंना मी आवडत नाही. मी त्यांना मशीनचे पैसे देऊन सांगितलं, पुन्हा येऊ नका. तरी ते आले, ते तुमच्या पत्रातून कळलं.

माणूस वाईट नाही. बहिणींची लग्नं करता करता त्यांचं राहून गेलं. बोलायला अडखळतात. साईनाथबद्दल विचारतात आणि मी सांगते ते ऐकून घेतात. याहून जास्त मी तुम्हाला लिहू शकत नाही, तुम्ही साईनाथच्या आई आहात.

फांदी मी शहापूरसाठी नेली नव्हती. मला वाटलं तुम्हाला मी घरात नको झाले आहे. तुमचा मान मोडून लग्न करायचं नाही, आणि तुम्ही बघतसुद्धा नाही त्या घरात परतही यायचं नाही, असं ठरवून निघाले होते. मग त्या घरातलं काहीतरी जवळ हवं म्हणून नेली. तुम्हाला विचारायचं धाडस नव्हतं, आणि विचारली असती तर लागली नसती. इथे तेलाच्या डब्यात लावली आहे. दोन पानं फुटली आहेत.

मला माफ करा, तुम्हाला अनवाणी पळावं लागलं. तसलं काही माझ्या मनात कधी येणार नाही. साईनाथ गेला तेव्हा नाही आलं तर आता कशाला येईल.

गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकून बांधा. धोंडीबाईचं पोलकं दंडात घट्ट होईल, तिला सांगा मापं पुन्हा घ्यावी लागतील.

तुमची,
भूमिका


मु. खरडवाडी
बुधवार, ७ मे २०२५

चि. भूमिका हीस,

अनेक आशीर्वाद, यावेळी आधीच आणि मनापासून.

तुझं पत्र धोंडीबाईसमोर उघडलं आणि तिला वाचून दाखवता दाखवता थांबले. ती विचारत राहिली, काय झालं गो, काय लिवलंय. मी म्हटलं, तुझे दंड जाड झालेत असं लिहिलंय. मग ती रागावून गेली आणि मला नीट वाचता आलं.

रिकामी बादली. ते तुला दिसलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी त्या बादलीत बघत उभी होते, कारण तुझ्या बाबांसमोर मला रडायचं नव्हतं. माझं घर रिकामं होणार ही भीती होती, दुसरं काही नाही. ती भीती तुला दिसू नये म्हणून मी पाठ केली, आणि तुला दिसला राग. बघ कसं झालं. मी कण्हेरीचा कायदा माणसाला लावला. फांदीला डोळे नसतात, तिला काय, कोणी बघो न बघो. तू माणूस आहेस. तुझ्याकडे बघायला हवं होतं.

तर आता बघून, विचारून आणि स्वतःच्या हाताने लिहिते. सुरेंद्रशी लग्न कर. माझी हरकत नाही एवढंच नाही, माझी इच्छा आहे. त्याच्या अडखळण्याचं काही वाटून घेऊ नकोस, घरात एक माणूस कमी बोललेलं बरं असतं, आणि तुझं तोंड काही कमी चालत नाही. तू साईनाथबद्दल त्याच्याशी बोलतेस हे वाचून मला बरं वाटलं. गावात साईनाथचं नाव आता कोणी काढत नाही. शहापूरच्या एका घरात ते निघत राहील, याहून मला काय हवं.

भीतीचंही खरं लिहिते. तू गेलीस की या घरात मी एकटी. संध्याकाळी दिवा लावला की कोणाला ये म्हणायचं हे मला माहीत नाही. तू गेल्यापासून मी रोज भात जास्त लावते आणि उरलेला मंगळ्याच्या कुत्र्याला घालते. मी रडणार आहे, तुझ्या लग्नातही रडणार आहे, आणि लोक म्हणतील बघा सासूला नको होतं. म्हणू देत. ते माझं रडणं आहे, तुझ्यावर त्याचं ओझं नाही. तू त्यासाठी थांबलीस तर मात्र मला जन्मभर ते ओझं वाहावं लागेल. मला ते झेपणार नाही, गुडघा असा.

रविवारी मी येते. महिपतला सांगून ठेवलं आहे, पुढची सीट माझी. तुझ्या बाबांशी मी समोर बसून बोलणार, आणि शहापूरला निरोप त्यांनीच पुन्हा धाडायचा, तोंडी नव्हे, स्वतः जाऊन. ते नाही म्हणाले तर मी जाईन. सुरेंद्रने आपलं मशीन इतक्या वेळा उघडलं आहे की त्याचं दुकान शोधायला मला काही अवघड जाणार नाही.

एक गोष्ट मात्र मी ऐकून घेणार नाही. तुझी काकू म्हणेल पाट लावून टाका, चार माणसांत, अंधार पडल्यावर, विधवेचं असंच करतात. आपल्यात असं होत आलं, खरं आहे. पण हे पाट नाही, लग्न आहे. दिवसाउजेडी, मांडव घालून, माणसं बोलावून. ज्याला बघायचं नसेल त्याने घरी बसावं. आतापर्यंत बऱ्याच गोष्टी आपण दुसरीकडे बघून केल्या, ही सगळ्यांनी बघावी. हळद मी लावणार. धोंडीबाई म्हणेल विधवेच्या हाताची हळद कशी चालेल. तिला मी तेव्हा उत्तर देईन, आत्ता कागद संपत आला आहे.

येताना एक रोप आणते. गुलाबी कण्हेरीची खालची फांदी मी मागच्या पावसात मातीत दाबून ठेवली होती, तिला मुळं फुटली आहेत. काल आईपासून तोडून डब्यात घातली, थोडी पानं गाळली तिने, पण जगेल. ती मी उघड, सगळ्यांसमोर तुझ्या हातात देणार आहे. लागणार नाही म्हणतात. नाही लागली तर नाही लागली, दुसरी देईन. लावताना खड्ड्यात पाणी साचणार नाही असं बघ, पहिला महिना सावली कर, आणि चिकाचे हात डोळ्याला लावू नकोस. आणि तुझ्या तेलाच्या डब्यातली तिथेच तुझ्या आईला राहू दे. तिलाही काहीतरी हवं.

मशीन घेऊन जा. इथे ठेवून मी काय करू, मला सुईत दोरा ओवता येत नाही. धोंडीबाईचं पोलकं आधी पुरं कर, नाहीतर ती मला सुखाने जगू देणार नाही.

आता शेवटचं, आणि यात तुझ्या आईने मध्ये बोलायचं नाही. दिवाळी तिची, ती मी तिला दिली. पण लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला तू इथे येणार. लग्न होऊन गेलेली मुलगी सणाला जिथे येते त्या घराला काय म्हणतात ते मी तुला सांगायला नको. तिला आणायला त्या घरून मुराळी जातो, भाऊ नाहीतर बाप. आपल्या घरी आता असा कोणी पुरुष नाही. म्हणून मी येणार. सुरेंद्रच्या आईला आधी सांगून ठेव, दारात एक बाई येऊन बसेल, पाणी पिईल, आणि तुला घेतल्याशिवाय उठायची नाही.

तुझी मुराळी,
प्रमिला